तात्पुरता ताबा

दुपारी तिच्या हातात कुणा एका मास्तरांच्या कवळीचा वरचा जबडा होता. पुढचे दोन दात किंचित बाहेर आले होते आणि ती ते कानशीनं घासत होती, डोळ्यांनी कमी, अंगठ्यानं जास्त बघत. तेव्हा बाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. फार मोठा नाही. ओली फांदी पिळून मोडावी तसा. मग माणसांचे आवाज आले, एक शिट्टी आली, कुणीतरी कुणाचा तरी मोठ्यानं उद्धार केला. ती उठली नाही. घासताना मधेच उठलं की हाताला तो दात पुन्हा सापडत नाही. पण टेबलावरचा उजेड हळूच उणावला, ढग आल्यासारखा, म्हणून तिनं मान वर केली. आवाराच्या बुटक्या भिंतीवरून एक बैल तिच्याकडे बघत होता. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही. जुन्या उशीच्या अभ्र्याचा रंग. एक शिंग खाली वळलेलं. तो काही मागत नव्हता, घाबरलेलाही दिसत नव्हता. आपण एखाद्या खोलीत शिरावं आणि तिथे आधीच कुणी बसलेलं असावं, मग दोघांनीही क्षणभर अडखळावं, तसा तो अडखळून उभा होता. तिच्या हातात दात होते. ते लपवावेत असं तिला का वाटलं कोण जाणे. तिनं ते चटकन एप्रनच्या खिशात टाकले.

वळणावर एक ट्रक पुढचे गुडघे टेकल्यासारखा झुकला होता. त्याचा आस मोडला होता, आणि मागून येणाऱ्या पोलिसांच्या जीपला त्यामुळे पाठलाग करायचंही काम उरलं नव्हतं. ट्रकमधून गुरं उतरवली जात होती. नवा कायदा होऊन वर्ष होत आलं होतं. गाय, बैल, वळू, वासरू, काहीच आता कापायचं नाही, कापायला न्यायचंही नाही. वर्तमानपत्रांत तेव्हा पुष्कळ आलं होतं, बाजूनं आणि विरुद्ध, आणि त्याच कागदांवर तिनं आपलं प्लास्टर कालवलं होतं. तिला त्यावर मत नव्हतं. मत असायला घरात निदान दोन बोलणारी माणसं लागतात. बाकीची गुरं पोलीस चालवत गोशाळेकडे घेऊन निघाले. हा एक मात्र भिंतीला टेकून उभा राहिला तो राहिलाच. त्याचा पुढचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. फौजदार तिच्या आवाराकडे बघत होता, भाड्यानं जागा बघायला आलेल्या माणसासारखा.

“ताई, या फाटकाला कडी आहे ना?”

“आहे.”

“लागते?”

“लागते. का?”

“मग झालं तर. दोन दिवसांचा प्रश्न आहे. हा चालत नाही, आणि आम्ही काय याला खांद्यावर घेऊन जाणार?”

“घरात माझे सासरे आजारी असतात.”

“असू देत की. हा काय त्यांच्याशी गप्पा मारणार आहे?” फौजदार स्वतःच हसला, मग गंभीर झाला आणि त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मोठ्यानं वाचून दाखवलं. सदर जनावर हा मुद्देमाल आहे. तो विकणार नाही, कुणास देणार नाही, त्यास इजा होऊ देणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. तात्पुरता ताबा. “इथे,” तो म्हणाला, आणि तिनं सही केली. आपण का केली हे तिला पुढे बरेच दिवस सापडलं नाही. इतकंच आठवे की सही करताना ऊन बॉनेटवरून डोळ्यांत येत होतं, आणि पूर्वी एकदा अशीच घाईघाईनं सही केल्याचं तिच्या मनात तरंगून गेलं होतं. तो दवाखान्याचा काउंटर होता. नवऱ्याचं घड्याळ, चष्मा, चपला, एका पिशवीत घालून तिच्या हवाली केल्या होत्या आणि मिळाल्याची सही घेतली होती. सासऱ्यांसाठी मात्र कुणी सही घेतली नव्हती. ते नुसतेच तिच्याकडे राहिले होते. पिशवी घेऊन ती घरी आली तेव्हा ते दारात उभे होते, आणि तिनं आत जाऊन दोघांसाठी चहा टाकला होता. बस, इतकंच झालं होतं.

त्यांचं पूर्वी लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. सकाळी शटर वर गेलं की रात्री खाली येईपर्यंत त्यांचं तोंड चालू. गिऱ्हाईक एक स्क्रू घ्यायला यायचं आणि आपल्या मुलीच्या लग्नाचं सगळं सांगून जायचं. ती नवी नवी सून असताना जेवणाचा डबा घेऊन दुकानात जायची, तेव्हा ते तिला शिकवायचे, “सूनबाई, खिळे मोजायचे नसतात, जोखायचे असतात. माणसाचंही तेच.” मुलगा गेला, मग दुकान गेलं, मग एका सकाळी त्यांचं अर्धं तोंड खाली ओघळलं, आणि त्या दिवसापासून ते बोलले नव्हते. जीभ हलायची, डॉक्टरांनी पाहिलं होतं. पण ते बोलले नाहीत. तिनंच पूर्वी करून दिलेली कवळी आता त्यांच्या तोंडात बसत नव्हती. ती एका डबीत, डबी कपाटात. खिडकीशी त्यांची खुर्ची होती. ती बोलायची, ते ऐकायचे किंवा ऐकत नसत. “आज भाजीवाल्यानं फसवलं बघा, बाबा.” “वारा सुटलाय, खिडकी लावू?” आणि ती खिडकी लावायची. या शांततेला तिनं केव्हातरी सुख असं नाव देऊन टाकलं होतं, तेही त्यांच्या वतीनं.

बैल आवारात आला आणि घराचा श्वास बदलला. हे तिला पहिल्याच दुपारी कळलं. कामाच्या खोलीची भिंत आणि आवाराची कड एकच होती. तो त्या भिंतीला पाठ लावून बसायचा, आणि त्याचा श्वास विटांमधून तिच्या टेबलात उतरायचा. मोठा, सावकाश, मधेच विसरल्यासारखा थांबणारा. ती तो पुढचा श्वास येईपर्यंत हातातलं काम धरून ठेवायची. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत, वर नाव-गाव नाही, नुसता दंतवैद्याचा शिक्का. दुपारच्या डुलकीत ते सगळे एका तालात हलू लागत, चावण्यासारखं काही नसतानाही चावत राहत, आणि त्या चर्वणाचा आवाज बाहेरून येई. डोळे उघडले तरी तो चालूच असे. मग तिला बरं वाटे की भय, हे नीट ठरत नसे. वर्षानुवर्षं ती माणसांची तोंडं घडवत होती, पण ती तोंडं तिच्याकडे नेहमी रिकामी येत आणि रिकामीच जात. भिंतीपलीकडचं हे एक तोंड मात्र भरलेलं होतं.

दोन दिवस केव्हाच उलटून गेले. फौजदार एकदा आला, बैल मोजल्यासारखा बघून गेला. “एकच आहे,” ती म्हणाली. “असाच एक राहू द्या,” तो म्हणाला. गोशाळा भरली होती. कोर्टाची तारीख पुढे गेली होती. पेंढ्याचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं हात वर आकाशाकडे केले. कायद्यानं त्याला मारायचं नाही असं सांगितलं होतं. जगवायचं कुणी, ते सांगितलं नव्हतं. तिनं एक-दोन जुन्या दंतवैद्यांकडून जास्तीचं काम मागून घेतलं, आणि एक हातगाडीवाला पेंढ्या टाकून जाऊ लागला. कुणी विचारलं तर ती म्हणे, “कोर्टाचा आहे.” हे वाक्य म्हणताना तिला थोडी ऐटही वाटे, ती लपवावी लागे.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर एक माणूस बराच वेळ उभा होता. उंच, किडकिडीत, हातात टोपी. आत येत नव्हता, जातही नव्हता. ती बाहेर आली तेव्हा तो दोन पावलं मागे सरला.

“मी त्या ट्रकचा ड्रायव्हर, ताई. जामिनावर सुटलोय. नुसतं बघून जातो.”

“काय बघायचंय?”

“जिवंत आहे का.”

तिला राग यायला हवा होता. तिनं फाटक उघडलं. ड्रायव्हर बैलाजवळ उकिडवा बसला आणि सुजलेल्या गुडघ्यावर त्यानं हात ठेवला, ताप बघावा तसा. त्याचा ट्रक ठाण्याच्या आवारात गंजत उभा होता. आता तो दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता, लोकांचं घरसामान इकडून तिकडे. गुरांच्या मालकानं हात झटकले होते, माझा बैलच नाही म्हणाला होता. “आता बघा ताई, हा माझा नाही, त्याचा नाही, सरकारचाही नाही. हा फक्त केसचा आहे. आणि हा मेला तर केस मला चिकटली म्हणून समजा.” मग त्यानं कोमट पाणी मागितलं, फडकं मागितलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो न विचारता आला, आणि त्याच्यानंतरच्याही. एकदा तिनं विचारलं, कापायलाच चालवली होतीस ना गुरं? तो बराच वेळ खूर साफ करत राहिला. “मी गाडी चालवतो, ताई. मागे वळून बघत नाही.” मग खूर खाली ठेवून, “आरशात दिसतं मात्र.”

त्याच दिवशी त्यानं बैलाचं तोंड उघडून औषध घातलं. ती जवळ उभी होती. तिनं वाकून आत पाहिलं. वरच्या बाजूला पुढे दातच नव्हते. गुळगुळीत, फिकी, कडक हिरडी. “अरे, याचे वरचे दात कुणी पाडले?” ती ओरडलीच. ड्रायव्हर आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग असा हसला की बैलानंही मान हलवली. “ताई, कुठल्याच बैलाला नसतात! देवानंच दिलेले नाहीत!” ती लाजली. इतकी वर्षं दातांत काढली आणि हे ठाऊक नव्हतं. आणि त्या हसण्यात आणखी एक आवाज मिसळला होता, खरखरीत, गंजलेल्या बिजागरीचा. तिनं वळून पाहिलं. खिडकीत सासरे पुढे वाकले होते. त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतर ते बाहेर येऊ लागले. म्हणजे ड्रायव्हर त्यांना आणी, एका खांद्यावर तोलून, “चला शेठ, तुमचं गिऱ्हाईक वाट बघतंय,” असं म्हणत. शेठ ही हाक त्यांनी किती दिवसांत ऐकली नसेल. आवारात खुर्ची मांडली जाई. ड्रायव्हर रस्त्यावरच्या गोष्टी सांगे: कुणाचं कपाट जिन्यात अडकलं, कुणी घर सोडताना आरसा तेवढा मागे ठेवला. ते ऐकत, ऐकताना त्यांचं अर्धं तोंड काहीतरी करू बघे. ती आतून, मेण तापवता तापवता, हे बघत असे. तिला आनंद होई, आणि त्या आनंदाच्या तळाशी एक बारीक खडा टोचे. माझ्याशी का नाही, असा काहीसा. पण ती तो खडा उचलून बघत नसे.

नणंद आली ती याच दिवसांत. ती याच शहरात राहायची, चांगली होती, फोन करायची, येताना फळं आणायची. शहराबाहेर वृद्धांसाठी एक जागा होती, मोठा व्हरांडा, नर्स, वेळच्या वेळी औषधं. बैल येण्याआधीच या दोघींचं त्यावर जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा तिनं मान डोलावली होती, आणि मान डोलावताना आपल्या पाठीवरून काहीतरी उतरतंय हेही तिला कळलं होतं. आता मात्र नणंदेनं पावती दाखवली, पुढच्या महिन्यात खोली मिळतेय म्हणाली, तेव्हा तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“बाबा कुठे जाणार नाहीत, वन्सं. इथेच राहतील. माझ्याकडे.”

“अगं, पण तूच म्हणाली होतीस, झेपत नाही म्हणून!”

“झेपतं. आता झेपतं.”

नणंदेनं आवाराकडे पाहिलं. शेणाचं घमेलं, पेंढीचा ढीग, भिंतीला टेकलेला तो पांढुरका डोंगर, त्याच्या शेजारी खुर्चीत आपले वडील, मांडीवर फडकं. तिचा चेहरा रागावला नाही, नुसता थकला. “वहिनी, तुला एक सांगू? राग मानू नकोस. तू घराचा कोंडवाडा केलायस.” फळं टेबलावर ठेवून ती गेली. जाताना वडिलांच्या केसांवरून हात फिरवून गेली.

कोंडवाडा. शब्द गेला नाही. ती भांडी घासताना तो पाण्याबरोबर वाहून जाई आणि नळ बंद केला की परत येई. चुकार गुरं कोंडतात तो कोंडवाडा. तिच्या लहानपणी शाळेच्या वाटेवर होता एक. लाकडी फळ्यांमधून डोळे दिसत. आत कुणी मारत नसे कुणाला. पाणी असे, चारा असे. तरी त्या वाटेनं मुली पळत जात. का पळत जात? ती आठवू बघे, आणि फळ्यांमागचे ते डोळे एकेक करून ओळखीचे होऊ लागत, त्यातला एक चष्मा लावलेला असे, एक आरशातल्यासारखा तिचाच असे. मग ती उठून, उगाचच, बैलाला पाणी दाखवी. बाबांची उशी नीट करी. “बरं वाटतंय ना, बाबा?” आणि उत्तराची वाट न बघता, “छान.”

बैल चालू शकत नव्हता आणि कोर्टाला तो बघायचा होता, तेव्हा कोर्टच आलं. न्यायाधीशबाई तिच्या कल्पनेपेक्षा फारच तरुण निघाल्या. गाडीतून उतरताना त्यांनी आधी पाय कुठे टाकावा ते पाहिलं, आणि मग सरळ शेणातून आल्या. बरोबर कारकून, गुरांचा डॉक्टर, फौजदार, आणि सगळ्यांच्या मागे, टोपी छातीशी धरून, ड्रायव्हर. डॉक्टरनं दात पाहिले, गुडघा पाहिला. म्हातारा आहे, म्हणाला, लंगडा राहील, पण पायावर उभा राहील, चांगला सांभाळलाय. कारकून लिहीत होता. ड्रायव्हरला विचारलं, कुठे नेत होतास? “बाजारात, साहेब.” पुढे? “पुढचं मला कुणी सांगत नाही, साहेब.” न्यायाधीशबाईंनी कारकुनाला तेवढंच लिहायला सांगितलं. दुपार इतकी स्थिर होती की बैलाच्या पापणीवरची माशीसुद्धा साक्षीला बसल्यासारखी वाटत होती. आपण हे बघतोय की आपल्याला हे आठवतंय, असं तिला होऊ लागलं. तेवढ्यात न्यायाधीशबाई तिच्याकडे वळल्या.

“तुमची इच्छा आहे का, याला ठेवायची?”

तिला प्रश्न कळला नाही. “मी सही केलीय,” ती म्हणाली.

“ते माहीत आहे मला. ते तेव्हाचं झालं. मी आत्ता विचारतेय. तुमची तयारी नसेल तर मी दुसरी सोय बघते. सक्ती नाही.”

फौजदार तिच्याकडे बघत होता, ड्रायव्हर जमिनीकडे. तिच्या मनातून कितीतरी दारं एकापाठोपाठ उघडत गेली आणि कुठल्याच दारात कुणी उभं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मावशीनं सांगितलं होतं. कवळ्यांचं काम शीक, असं नवऱ्यानं सांगितलं होतं, घरबसल्या होईल म्हणून. दवाखान्यात सांगितलं होतं, फौजदारानं सांगितलं होतं. वाईट कुणीच नव्हतं, सगळे भल्यासाठीच सांगत होते. विचारलं कुणी नव्हतं. आणि आता कुणी विचारलं होतं तेव्हा तिला आपल्या आत हात घालून उत्तर चाचपावं लागत होतं, अंधाऱ्या कपाटात डबी शोधावी तसं. न्यायाधीशबाईंनी घाई केली नाही. शेवटी ते तिच्या बोटांना लागलं.

“हो,” ती म्हणाली. “मला हवाय तो.” आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

गाडी निघून गेली. संध्याकाळचं कोवळं ऊन आवारात आडवं पडलं होतं. सासरे खुर्चीत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, मग खाली बसली, म्हणजे त्यांचा चेहरा वर आला आणि तिचा खाली. इतकं साधं वाक्य, पण जिभेवर दगडासारखं.

“बाबा, तुम्हाला इथे राहायचंय का? की वन्सं म्हणतात तिकडे?”

ते तिच्याकडे बघू लागले. तिनं ठरवलं होतं की आज उशी नीट करायची नाही, छान म्हणायचं नाही. बैलाचा एक श्वास गेला, दुसरा गेला. त्यांचा ओठ एका बाजूनं हलला, लाळ आली, ती तिनं पुसली नाही. मग तो शब्द आला, फुटका, बोबडा, पण आला.

“निहडे.”

तिकडे. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला ऐकू आलं होतं. कानशिलात कुणीतरी मारावी तसं तिचं तोंड तापलं. मी काय कमी केलं, हे वाक्य तयार होऊन तिच्या ओठांपर्यंत आलं, ते तिनं गिळलं. ते अजून काहीतरी जुळवत होते. हात उचलून त्यांनी रस्त्याकडे दाखवलं, जिथून ड्रायव्हर यायचा. “लोह,” ते म्हणाले. लोखंड? दुकान? ती गोंधळली. त्यांनी मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला. लोक. तिकडे लोक आहेत. आणि मग त्यांचा हात खाली येऊन तिच्या डोक्यावर आला, नुसता टेकला, जड, काही न सांगता. इतक्या वर्षांत ते कधी असं तिला शिवले नव्हते. तिला रडू आलं, आणि रडताना हेही कळत होतं की या रडण्यात अपमान थोडा आहे आणि सुटका पुष्कळ, आणि दोन्हींची लाज वाटायचं काही कारण नाही. हात काढल्यावर त्यांनी आपल्या हिरड्यांवर बोट ठेवलं. हे मात्र शब्दाशिवाय कळलं. लोकांत जायचं तर दात हवेत.

जुनी कवळी काही कामाची नव्हती. हिरड्या झिजल्या होत्या, जबडा एका बाजूला कलला होता. दंतवैद्याकडे नेते म्हटलं तर त्यांनी तिच्याकडेच बोट केलं. मग माप तिनंच घेतलं. आयुष्यभर तिच्याकडे साचे आले होते, तोंड असं कधी आलं नव्हतं. “आ करा, बाबा.” त्यांनी आ केला, लहान मुलासारखे डोळे मिटून. तिचं बोट त्यांच्या गालाच्या आत गेलं. ओल, उष्णता, एका बाजूचं ढिलं मांस, दुसऱ्या बाजूची शाबूत पकड. साबणाची वडी वापरून वापरून उरते तशी मऊ, पातळ हिरडी. इथून कधीतरी दिवसभर शब्द निघत होते. मापाचा लगदा तोंडात घट्ट होईपर्यंत ती त्यांची हनुवटी धरून बसली. दोघंही हलले नाहीत. घरात इतकी जवळीक कधी नव्हती, आणि ती आत्ता, निघायच्या वेळी, होत होती. हे दुःखाचं होतं आणि योग्यही होतं, हे तिला, तो लगदा घट्ट होत जावा तसं, हळूहळू कळत गेलं. दात निवडताना तिनं फार पांढरे घेतले नाहीत. जरा पिवळट, एक किंचित वाकडा, दुकानातल्या माणसाला शोभतील असे.

मधे कोर्टाचा निकाल लागला. गुरं कापायला नेत होते असं सिद्ध करता येत नाही म्हणून ड्रायव्हर सुटला, ट्रक परत मिळाला, पण त्याच्या टायरांत आता गवत उगवलं होतं. बैल तिच्याकडेच राहील, कायमचा, असंही त्या निकालात होतं. ड्रायव्हर धावत सांगायला आला, आणि सांगून झाल्यावर नेहमीसारखा खूर साफ करायला बसला. “आता कशाला?” तिनं विचारलं. “आता केस नाही ना,” तो म्हणाला. “आता नुसता बैल आहे.” नणंदेला तिनं स्वतः फोन केला. बाबांना विचारलं, म्हणाली, त्यांना जायचंय. मग नणंद म्हणाली, “मीही नव्हतं गं विचारलं.”

कवळी बसवायला चार-पाच बैठका लागल्या. कुठे टोचे, कुठे सुटे. ती आरसा धरी आणि ते शब्द म्हणून बघत. दुकानातले शब्द, कडी, कुलूप, बिजागरी. काही येत, काही ओठातून सांडत. त आणि द येत नव्हते. जीभ दातांपर्यंत पोचायची, पण अर्ध्या वाटेवर थकायची. “राहू दे,” असं ते हातानं म्हणत. ती मागच्या बाजूनं केसभर घासे आणि पुन्हा घाले. तिला माहीत होतं की हे काम लांबवता येईल, आणि तिनं ते लांबवलं नाही.

निघायच्या दिवशी ड्रायव्हर टेम्पो घेऊन आला, कारण खुर्चीही न्यायची होती आणि त्यांचा पलंग. “टेम्पोतून?” नणंद किंचाळली. “बाबांना? लोक काय म्हणतील?” पण बाबा तोवर ड्रायव्हरच्या खांद्यावर रेलून फाटकापर्यंत पोचलेही होते. नणंद सामानाची पिशवी घेऊन मधल्या सीटवर चढली, नाक मुरडत, आणि मग चढताना पाय घसरून हसायला लागली. बाबांना खिडकीशी बसवलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. ते उंचावरून रस्त्याकडे, समोरच्या घरांकडे, जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांकडे बघत होते, गल्ल्यावर बसल्यासारखे. आवारात बैल लंगडत दोन पावलं चालला आणि सावलीत जाऊन थांबला. ती खाली उभी होती, एप्रन काढायचं विसरून. तिला काहीतरी सांगायचं होतं, औषधाच्या वेळा, स्वेटर पिशवीत वर ठेवलाय. ते सगळं नणंदेला सांगून झालं होतं. इंजिन सुरू झालं. त्यांनी काच खाली करायला लावली. तिनं मान वर केली. त्यांनी ओठ ओले केले, जीभ उचलली, ती तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू वर गेली, अर्ध्यावर थांबली, थरथरली, आणि त्या पिवळट, किंचित वाकड्या दातांच्या मागे जाऊन टेकली.

“येतो,” ते म्हणाले.

शब्द स्वच्छ होता. परत येणाऱ्यानंही हेच म्हणायचं असतं आणि न येणाऱ्यानंही. टेम्पो वळणापाशी दिसेनासा झाला, त्याचा आवाजही गेला, रस्ता पुन्हा रोजच्या दुपारसारखा स्वस्थ झाला, तेव्हा कुठे तिच्या तोंडून उत्तर निघालं.

“या.”